फक्त पाच आणि दहावाल्यांसाठी : गावोगावच्या शर्यतींचे अनुभव

सोमवारी ऑफिसात कोणीतरी विचारतंच, "काय मग, रविवारी कुठे होता?" कोल्हापूरला, पळायला. "अरे वा, बेचाळीस?" नाही, दहा. "दहा किलोमीटर पळायला कोल्हापूर? पुण्यातले रस्ते संपले का?"

संपले नाहीत. पण पुण्यातल्या रस्त्यावर जाताना पहाटे साडेचारला तीन बाप्ये एका आरशापुढे उभे राहून छातीवरच्या नंबराला, म्हणजे बिबला, पिना टोचत बसत नाहीत. म्हणून हा धागा. अट एकच : पाच किंवा दहा, मित्रमैत्रिणींसोबत, दुसऱ्या गावी. हाफ आणि फुल मॅरेथॉनवाल्यांनी (एकवीस आणि बेचाळीस किलोमीटर) वाचावं, लिहू नये. बत्तिसाव्या किलोमीटरला, अंगातली ताकद संपल्यावर होणारे साक्षात्कार इतरत्र भरपूर वाचून झालेत.

सुरुवात मी करतो. आम्ही चौघं, पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. तिघं पळतो, चौथा नुसता येतो. शनिवारी दुपारी निघालो, संध्याकाळी बिब घेतले. टी-शर्ट मीडियम नोंदवला होता, हातात पडला डबल एक्सेल. घरी आल्यावर बायकोने तो गाऊन म्हणून ठेवून घेतला. लॉजखाली वरात. बँड एकला थांबला, गजर चारला झाला.

स्टार्टला झुंबा. तासभर पळणाऱ्याला आधी वीस मिनिटं नाचवून दमवायची ही रीत कोणी काढली, देव जाणे. सरावात मी किलोमीटरला सात मिनिटं घेतो, तिथे पहिला पाच-चाळीसमध्ये गेला. गर्दी ओढते हो! चौथ्या किलोमीटरला बरगडीखाली कळ. मी कमरेवर हात ठेवून रडतखडत चाललेलो, शेजारून लेंगा घातलेले एक अनवाणी आजोबा गेले. जाता जाता म्हणाले, "श्वास सोडा की नीट. नुसता घेताय." सोडला, तर दोन-तीन मिनिटांत कळ गेली. आजोबा पुन्हा दिसले नाहीत, इतके पुढे गेले.

एक तास चौदा मिनिटं. नंतर मिसळ, पावाऐवजी स्लाइस ब्रेडबरोबर. चौथ्याची तोवर दुसरी प्लेट चालू होती.

लिहा.

ठाण्याहून

मी बावन्न वर्षांची. आमची भिशी आहे, सहा जणींची. एकीच्या सुनेने सगळ्यांची नावं परस्पर पाच किलोमीटरला घातली, नाशिकला. शॉर्ट्स-लेगिंगची चर्चा महिनाभर चालली, शेवटी पंजाबी ड्रेस आणि ओढणी घरी. आता कोणी लिहीत नाही ते लिहिते. आम्ही पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. का? तर मैदानावर बायकांसाठी फिरती स्वच्छतागृहं दोन आणि रांग पन्नासची. पुरुष कुठेही आडोसा बघतात. परिणाम असा की चौथ्या किलोमीटरला माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी दुभाजकावर बसले. बाकीच्या पाचही जणी थांबल्या. एकीने पोटरी चोळली, एकीने पर्समधून मीठ-साखरेची पुडी काढली. हो, पर्स घेऊन पळत होती ती! सहा जणी हात धरून फिनिशला पोचलो, सत्तावन्न मिनिटं.

मुंबईत २०१२ मध्ये मिलिंद सोमणनी फक्त बायकांसाठी पिंकेथॉन सुरू केली, तेव्हा मी पेपरात फोटो बघून 'साडीत काय पळतात' म्हणाले होते. ते शब्द मागे घेतले. आता गावाला जाऊन पळायचं तर माझा आयोजकांना पहिला फोन असतो तो किती जणींमागे किती संडास, हे विचारायला. मेडलचं नंतर.

नाशिकहून, पेशाने सर्वेअर

दर शर्यतीनंतर कुरकुर ऐकतो, "माझ्या घड्याळात दहा पूर्णांक दोन आले, रस्ता जास्त मोजलाय." बहुतेक वेळा रस्ता बरोबर असतो, तुम्ही जास्त पळालेले असता. प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र असतं, ते चाकाचे फेरे मोजतं. मोजणारा वळणाच्या आतल्या कडेने, जवळात जवळच्या रेषेवरून सायकल नेतो. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम वाढवतात, मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. म्हणजे दहाचा मार्ग आखतानाच दहा किलोमीटर दहा मीटरचा असतो. तुम्ही गर्दीतून नागमोडी जाता, पाण्याच्या टेबलासाठी रस्ता ओलांडता, वळणाला बाहेरून फिरता. शिवाय उंच इमारतींमध्ये घड्याळाचं जीपीएस भरकटतं ते वेगळंच.

अर्थात हे मोजून प्रमाणित केलेल्या मार्गाचं. एका तालुक्याच्या ठिकाणी आमचा दहाचा मार्ग कोणाच्या तरी स्कूटरने मोजला होता. घड्याळात साडेआठ भरले. त्या दिवशी आम्हा पाचही मित्रांची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ लागली आणि कोणीही तक्रार केली नाही.

माण तालुक्यातून

तुमचं वाचून गंमत वाटली. आम्ही पण जातो दुसऱ्या गावाला पळायला, पण आम्ही पैसे भरून मेडल आणत नाही, बक्षीस आणायला जातो. भरतीची तयारी करणारी सात-आठ पोरं. पोलीस भरतीला १६०० मीटर असतं, तर पाच किलोमीटर म्हणजे आमचा सरावच. कुणाच्या वाढदिवसाला, कुठं जयंतीला शर्यत ठेवतात. फ्लेक्सवर पहिलं बक्षीस बघायचं, डिझेल किती लागंल ते बघायचं आणि जीप काढायची. सगळ्यांत जोरात पळणारी दोघं, बाकीच्यांनी सुरुवातीला पुढं राहून पेस, म्हणजे वेग, लावून द्यायचा. बक्षीस आलं की आधी डिझेल, मग सगळ्यांची जेवणं, उरलं ते जिंकणाऱ्याचं.

एका ठिकाणी मित्र पहिला आला. स्टेजवर हातभर लांबीचा पुठ्ठ्याचा चेक दिला, फोटो काढला. पैसे मिळायला चार महिने आणि अकरा फोन लागले. पुठ्ठा अजून त्याच्या गोठ्यात आहे, वासरू बांधतो तिथं वारा अडवायला.

ललिता बाबर आमच्याच तालुक्यातली, मोहीची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला दहावी आली. आमच्या पोरी आता जीपमध्ये बसतात तर गावात कुणी 'कुठं निघाल्या' म्हणून विचारत नाही. आधी विचारायचे.

लंडनजवळून

इथे दर शनिवारी सकाळी नऊला पाच किलोमीटरची पार्करन असते, फुकट. २ ऑक्टोबर २००४ ला बुशी पार्कमध्ये तेरा जण पळाले, तिथून सुरू झालं. एकदा नाव नोंदवून बारकोड घ्यायचा, मग कुठल्याही गावच्या पार्कात जाऊन पळता येतं. आम्ही तीन मराठी घरं महिन्यातून एक नवं गाव गाठतो. रस्ता नव्हे, बरेचदा चिखल असतो, पण धाग्यात घ्या.

मागच्या वर्षी आई आली होती, एकाहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. तिला वाटलं आपण शेवटच्या येणार, लोक बघणार. पण इथे एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो, त्यामुळे शेवटचा नंबर त्याचा. एक तास दहा मिनिटं आई त्या गोऱ्या काकांशी मराठीत बोलत चालली. त्यांना काय कळलं माहीत नाही, फिनिशला ते तिच्या पिशवीतली चकली खात होते.

मुंबईहून

नियम मोडतोय, माफी असावी. मी फुल करतो. पण बत्तिसाव्या किलोमीटरला...

*(धागाकर्ता : नाही.)*

पुण्याहून, वरच्या कोल्हापूरच्या गोष्टीतला चौथा

मित्राने धागा काढला, आनंद आहे. दुरुस्त्या करतो. एक, वेळ १:१४ नाही. कमानीवरच्या घड्याळाचा फोटो माझ्याकडे आहे, १:१७. तो म्हणेल चिपचा वेळ (स्टार्टची रेघ ओलांडल्यापासून मोजलेला) धरायचा, कारण मागच्या गर्दीतून स्टार्टची रेघ ओलांडायलाच तीन मिनिटं गेली. बरं, धरला. दोन, लॉजमध्ये झोप वरातीमुळे गेली नाही. वरात अकरालाच संपली, पुढचं घोरणं त्याचं. तीन, मिसळीची ती तिसरी प्लेट होती.

मी तीन वर्षं नुसता जातो. तिघांच्या बॅगा, मोबाइल, चपला, गाडीची किल्ली, एकाचा चष्मा सांभाळतो. दोन तास एका जागी उभं राहिलं की शेवटून येणारे दिसतात, जे तुम्हाला कधीच दिसत नाहीत. कोल्हापूरला सगळ्यांत शेवटी एक नववा महिना लागलाय की काय अशा पोटाचे गृहस्थ आले. फिनिशची कमान काढायला सुरुवात झाली होती. कामगारांनी ती दोन मिनिटं तशीच धरून ठेवली.

गाडीत मी कोणाला बोललो नाही, पण पुढच्या महिन्यातल्या साताऱ्याच्या पाचला नाव घातलंय. आता बॅगांचं काय करायचं ते तुम्ही तिघं बघा.