लाडकी बहीणच्या दीड हजारानं महागाई वाढते का?

इतवारीचा_वाणी
जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये येऊन राहिले. हप्ता जमा झाला की दोन-चार दिवस दुकानात गर्दी असते, नाकारत नाही. पण माल तेवढाच अन् पैसा जास्त, म्हणजे भाव चढणारच. अमेरिकेनं कोरोनात १२००, ६०० अन् १४०० डॉलर असे तीनदा वाटले. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्के!

गोकुळपेठकर
राजेहो, तिथं बंदरं तुंबली होती, वर युक्रेनच्या युद्धानं तेल भडकलं, ते कुठं गेलं? आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ ला किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती, ऑक्टोबर २०२५ ला ०.२५. मधल्या काळात योजना चालूच होती. खाद्यतेल महागलं ते केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये आयातशुल्क वाढवलं म्हणून, बहिणींमुळे नाही.

इतवारीचा_वाणी
०.२५ ही भाजीपाल्याची मेहेरबानी. कटिंगचे, ट्यूशनचे भाव कमी झालेले पाहिले का कुठं?

काटोल_कास्तकार
किराण्याचं सोडा, मजुरीचं बोला. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. घरबसल्या पैसे आल्यावर उन्हात कोण येईल?

कामठीची_ताई
काऊन बे, दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कोण घरी बसतं? आमच्याकडच्या बाया आधी दिवाळीपूर्वीच उचल घ्यायच्या, मग सीझनभर मालक म्हणेल त्या भावानं वेचायच्या. आता शाळेची फी, गॅस हप्त्यातून निघतो, उचल लागत नाही. म्हणून किलोमागे दोन रुपये जास्त मागतात. तुम्हाला खुपतं ते हे.

काटोल_कास्तकार
मागू द्या, पण ते मी कुठून देऊ? वाणी भाव वाढवून मोकळा होतो. माझ्या कापसाचा भाव माझ्या हातात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, तेव्हा विचारलं का कोणी आम्हाला? मजुरी वाढली तरी सूत-कपडा महागत नाही, माझंच उरणं कमी होतं.

गोकुळपेठकर
मग तुम्हीच सांगून राहिले की महागाई नाही वाढली! तुमच्याकडचे पैसे मजुराकडे गेले, बस.

काटोल_कास्तकार
हाव, अन् योजनेचं श्रेय मुंबईला.

कामठीची_ताई
भाऊ, भांडायचं तर कापसाच्या भावासाठी भांडा. आम्हीही येऊ. दोन रुपये मात्र सोडणार नाही.