मदत हवी आहे: साडेतीन तासांच्या जंगलवाटेला आम्हाला सात तास का लागले?

संथवाहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी ५१ वर्षांची. रोज सकाळी सपाट रस्त्यावर ५-६ किलोमीटर चालते, तासाभरात. त्याच जोरावर ‘११ किलोमीटर म्हणजे काय, रोजच्या दुप्पट’ असं म्हणून मागच्या रविवारी नवरा, १४ वर्षांचा भाचा आणि मी एका वनोद्यानातल्या गोल वाटेवर गेलो. फाटकापाशी पाटी होती: ११ किमी, मध्यम, साडेतीन तास. आम्ही साडेअकराला निघालो आणि फाटकाशी परत पोचलो ६.२० ला. सूर्यास्त ६.०५ चा होता, पण दाट झाडीत पावणेसहापासूनच पायाखालचं दिसेना. तिघांत मिळून उजेड एकच, माझ्या फोनचा, आणि फोन ९ टक्क्यांवर.

चढताना दम लागला, ते मी धरूनच चालले होते. पण खरी वाट लागली ती उतरताना. शेवटच्या दोन किलोमीटरला मांड्या लटपटत होत्या आणि डावा गुडघा पुढून दुखत होता. सोमवारी बरं वाटलं म्हणून खूश झाले, तर मंगळवारी जिना कठडा धरून, आडवं होऊन उतरावा लागला. नवऱ्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत. भाचा ठणठणीत. मात्र तो पुढे पळाला आणि एका फाट्यावर भलतीकडे वळला, वीस मिनिटं आम्ही नुसत्या हाका मारत होतो.

मला विचारायचंय ते हे: घरबसल्या वेळेचा अंदाज बांधता येतो का, की पाटीवर विसंबायचं? आणि उतारानं इतकं का दुखावं, उतरणं तर सोपं ना? तीन आठवड्यांनी पुन्हा जायचंय. ‘वजन कमी करा’ एवढंच सांगायचं असेल तर ते घरात सगळे सांगतात.

नकाशेबाज

पूर्ण वाटेवर एकूण चढ किती होता?

संथवाहिनी

नकाशात बघितलं. फाटक आणि सगळ्यात उंच जागा यांत ३१० मीटरचा फरक आहे.

नकाशेबाज

हा उंचीतला फरक झाला. मी एकूण चढ विचारतोय. वाट मध्ये ओढ्यात उतरली, पुन्हा चढली, पुन्हा डोंगराच्या एका सोंडेवरून खाली आली, तर प्रत्येक वेळचा चढ पायांना मोजावाच लागतो. फोनमधल्या अ‍ॅपवर चाल नोंदवली होती का? त्यात ‘एकूण चढाई’ आणि ‘चालण्याचा वेळ’ असे दोन आकडे असतील.

संथवाहिनी

अगंबाई. एकूण चढाई ५६० मीटर! आणि चालण्याचा वेळ ४ तास ५० मिनिटं. म्हणजे दोन तास आम्ही नुसते थांबलो होतो? शक्यच नाही.

नकाशेबाज

शक्य आहे, सगळ्यांचंच होतं ते. जेवण, बुटातला खडा, फोटो, भाच्याची शोधमोहीम. बसल्यावर दहा मिनिटं कुठे जातात ते घड्याळालाच ठाऊक.

आता गणित. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला, तो अजून चालतो. मीटरमध्ये मांडला तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० मीटर चढाला एक मिनिट. तुमचे ११ किमी म्हणजे २ तास १२ मिनिटं, ५६० मीटरची ५६ मिनिटं, झाले ३ तास ८ मिनिटं. पाटीवरच्या साडेतीन तासांच्या जवळच आलं की. पाटी खोटी नव्हती, ती तुमच्यासाठी नव्हती. हा नियम धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही.

तुम्हाला चालायलाच ४.५० लागले, म्हणजे साधारण दीडपट. हा दीड तुमचा आकडा, तो जपून ठेवा. पुढच्या वाटेचं गणित मांडा, दीडनं गुणा आणि थांबण्याचे तास वेगळे धरा. दोन-तीन वाटांनंतर तुमचा अंदाज कुठल्याही पाटीपेक्षा बरोबर येईल. अट एकच: आकडा सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा घ्यायचा. भाच्याचा नाही.

अवांतर: नेस्मिथनं उतार हिशेबात घेतलाच नव्हता. पुढे एरिक लँगमुर यांनी दुरुस्ती केली. हलक्या उतारावर उंचीतले दर ३०० मीटर उतरण्याला दहा मिनिटं वजा करा आणि तीव्र उतारावर उलट दहा मिनिटं वाढवा. घसाऱ्याच्या वाटेवर पावलं मोजून टाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

रानपाखरू

काय हे! जंगलात जायचं आणि गुणाकार करायचे? वाटेल तेव्हा निघावं, वाटेल तिथे बसावं. पक्षी ऐकावेत. तुम्ही लोक निसर्गाची ऑफिसबैठक करून टाकता.

नकाशेबाज

गुणाकार आदल्या रात्री करायचा, म्हणजे जंगलात पक्षी ऐकता येतात. ९ टक्के फोनच्या उजेडात कुणी पक्षी ऐकत नाही हो.

जिनेवाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गुडघ्याचं मी घेते.

संथवाहिनीताई, उतरणं सोपं वाटतं कारण दम लागत नाही. पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना विचारा. चढताना ते आखडून शरीर वर ढकलतात. उतरताना ते लांब होत असतानाच ताण घेतात, शरीराला ब्रेक लावल्यासारखे. याच कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. आणि तिचं दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. तुमचा फसवा सोमवार आणि मंगळवारचा जिना, दोन्ही त्यातलेच. त्यात तुम्ही रोज सपाटीवर चालता. त्यानं दमसास वाढतो, ब्रेक तयार होत नाहीत.

चांगली गोष्ट अशी की एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तसाच उतार पुष्कळ कमी दुखवतो. म्हणून तीन आठवड्यांनीच जायचं ठरवलंत ते उत्तम, फार लांबवलंत तर हा फायदा ओसरत जातो. तोवर आठवड्यातून दोनदा लिफ्टनं वर जा आणि जिन्यानं खाली या. सावकाश, पाऊल आपटू न देता. आधी पाच मजले, मग आठ-दहा. लोक नेमकं उलट करतात, दमून जिना चढतात आणि लिफ्टनं उतरतात.

उतारावर पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, मागे रेलू नका. मागे रेललं की टाच सटकते. आणि दोन ट्रेकिंग पोल, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्या घ्या. सपाटीवर हातात धरल्यावर कोपर काटकोनात यावं इतकी उंची, उतारावर त्याहून ५-१० सेंटीमीटर जास्त. गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो.

मांड्यांचं दुखणं आठवड्यात जायला हवं. गुडघा सुजला, अडकला किंवा वजन दिल्यावर दगा देऊ लागला तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

संथवाहिनी

सूज नाही, अडकतही नाही. आज जिना सरळ उतरले! पोल म्हणजे म्हातारपणाची काठी, असं नवऱ्याचं मत आहे. ते काळ्या नखांसकट ठाम आहेत.

फाटका_मोजा

काळ्या नखांचा मी जुना जाणकार, दोन गेलीत माझी. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा दर पावलाला टोकाला आपटतो. नखं आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय फुगलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि उतार सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं थांबून नाड्या पुन्हा बांधा: घोट्यापाशी एकदा पीळ देऊन घट्ट, पंजावर सैल. टाच मागे बसली की अंगठा वाचतो. यजमानांना एवढं एकच करायला सांगा, पोलचं नंतर बघू.

मोजे सुती नकोत. घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते आणि फोड येतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. पायाला कुठे गरम-गरम लागलं की त्याच क्षणी बसा आणि चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणालात की फोड आलाच.

शेपूट

माझं नाव का असं ते आता सांगतो. आमच्या गटात कायम सगळ्यांच्या मागे मी चालतो, ठरवून.

ताई, तुमच्या सात तासांतली मला सगळ्यांत धोक्याची वाटली ती ती वीस मिनिटं. दमलेला माणूस उशिरा का होईना पोचतो. हरवलेल्या पोरामुळे मोठी माणसं वाट सोडून पळापळ करतात आणि मग एकाचे तीन हरवतात. जंगलात गुरांच्या, जनावरांच्या ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा मळलेल्या दिसतात. लोक त्याला चकवा लागला म्हणतात, बहुतेकदा ढोरवाटच लागलेली असते.

आमच्याकडे नियम एकच आहे. पुढच्यानं हवं तितकं पळावं, पण प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि शेपूट दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. फाटा छोटा असो, वाट उघड दिसत असो. खुणेचा दगड किंवा रंगाचा पट्टा बराच वेळ दिसला नाही तर पुढे शोधायचं नाही, शेवटची खूण होती तिथे परत यायचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, सगळ्यांत आधी पोराच्या. हाकेनं घसा बसतो, शिट्टी दूर जाते. संकटाची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन.

उजेडही माणशी एक, डोक्याला बांधायचा. फोन नकाशासाठी राहू दे. घरून नकाशा उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला नेटवर्क लागत नाही. फोनची बॅटरी खाते ती नेटवर्कची शोधाशोध.

आणि परत फिरण्याची वेळ घरीच ठरवून घरी राहणाऱ्या कुणाला तरी सांगून जा: अमुक वाट, इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करा. वर पोचल्यावर ठरवायला गेलात तर कुणीच परत फिरत नाही.

रानपाखरू

शिट्टीचं पटलं. मागे घेतो निम्मं.

संथवाहिनी (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, जाऊन आलो. वृत्तान्त देते.

या वेळी लहान वाट घेतली, गेलो त्याच वाटेनं परत यायची: एकूण ७ किमी, चढ २४० मीटर. गणित मी स्वतः मांडलं. ८४ आणि २४ मिनिटं, एकूण १०८. दीडनं गुणून १६२. थांबायला ४५. म्हणजे साधारण साडेतीन तास. सव्वाआठला निघालो आणि साडेदहाला जिथे असू तिथून वळायचं ठरवलं.

अर्ध्या वाटेत एक झाड आडवं पडलेलं. त्याला वळसा घालण्यात २५ मिनिटं गेली. साडेदहा वाजले तेव्हा शेवटचा कडा जेमतेम ४०० मीटरवर होता, झाडांतून उजेड दिसत होता. भाच्यानं तोंड पाडलं. खरं सांगायचं तर माझंही मन होईना, नुसतं दहा मिनिटांचं काम! पण नवराच म्हणाला, ‘शेपटाला विचार.’ शेपूट मी होते. वळलो.

१२ ला ५ कमी असताना फाटकाशी. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या जड, पण जिना सरळ. नाड्यांची युक्ती लागू पडली, नखं शाबूत. पोलची एक जोडी आणली होती, उतार लागताच ती ‘जरा बघू’ म्हणून नवऱ्यानं घेतली आणि फाटकापर्यंत परत दिली नाही.

त्यामुळे नवा प्रश्न: एक-एक पोल वाटून घेतला तर चालतं का, की दुसरी जोडी आणावीच लागेल?

जिनेवाली

दुसरी जोडी आणा. एका पोलनं माणूस त्याच बाजूला झुकत चालतो. आणि त्यांना म्हणावं, म्हातारपणाची काठी कशी वाटली?