‘नियंत्रण गट’ म्हणजे नेमका कोणता गट?

प्रश्न (सांगली): साथरोगशास्त्रातल्या एका अभ्यासाचं मराठी माहितीपत्रक तपासायला आलं आहे. पालकांनी ते वाचून संमतीची सही करायची आहे. मजकुरात ‘यादृच्छिक नियंत्रित चाचणी’, ‘नियंत्रण गट’, ‘हस्तक्षेप’ हे शब्द जागोजागी आहेत. परिभाषा म्हणून ते रूढ आहेत, पण जत-आटपाडीकडच्या आईवडिलांना त्यातून काय कळेल? दुसरे शब्द सुचवा.

उत्तर (मिरज): आधी ‘नियंत्रण गट’ काढा. आपल्याकडे आरोग्य खात्याच्या पाट्यांवर ‘नियंत्रण’ म्हणजे रोग आटोक्यात आणणं : क्षयरोग नियंत्रण, हिवताप नियंत्रण. म्हणून ‘नियंत्रण गटातली गावं’ वाचणाऱ्याला वाटतं, तिथला रोग हटला. प्रत्यक्षात नवा उपाय जिथे केलेलाच नाही, नेहमीची सेवा जशीच्या तशी चालू आहे, ती ही गावं. साधं ‘तुलना गट’ म्हणा.

या गटाचं मोल कळायला गडचिरोलीचा अभ्यास पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत सुरू केली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपायाच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजार जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आलं. तुलनेच्या गावांत ते साठीच्या आसपासच राहिलं. ती ४७ गावं नसती तर ‘पाऊसपाणी बरं झालं, रस्ते आले, म्हणून मुलं वाचली’ असं कुणीही म्हणू शकलं असतं.

आता ‘यादृच्छिक’. हा शब्द मला मनापासून खटकतो. ‘यदृच्छा’चा एक अर्थ योगायोग, दुसरा स्वेच्छा. वाचणारा दुसरा अर्थ धरतो आणि समजतो की डॉक्टरांनी मनाला येईल तशी मुलं वाटून घेतली. इथे तर कुणाचीच मर्जी चालू नये हा सगळा खटाटोप आहे. त्यासाठी आपल्याकडे ‘सोडत’ आहे. ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत कशी निघते ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे : सगळ्यांसमोर चिठ्ठी निघते, सरपंचाचं चालत नाही, तहसीलदाराचंही नाही. ‘कोणत्या शाळेत नवा उपाय करायचा ते सोडतीने ठरेल’ असं लिहा.

ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या अभ्यासात (निष्कर्ष १९४८) हेच केलं होतं. क्षयाचे १०७ रुग्ण. ५५ जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात हे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक (कोणताही ठरीव क्रम नसलेल्या) अंकांच्या तक्त्यावरून ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवलं होतं. रुग्ण अभ्यासात घेतल्यावरच लिफाफा फोडायचा, म्हणजे बरा होईलसा वाटणारा रुग्ण मुद्दाम औषधाच्या बाजूला टाकता येत नाही.

एक काळजी घ्या. पाहणीसाठी गावातली काही घरं चिठ्ठीने उचलणं ही ‘निवड’. अभ्यासात आलेल्यांचे चिठ्ठीने गट पाडणं हे ‘वाटप’. मराठी प्रबंधांत दोन्हींना सर्रास ‘यादृच्छिक निवड’ म्हणतात आणि मग अभ्यास पाहणीचा की प्रयोगाचा हेच कळेनासं होतं.

प्रतिसाद (कऱ्हाड): ‘तुलना गट’ पटला. पण मग गडचिरोलीच्या अभ्यासालाही सोडतीचा प्रयोग म्हणायचं का?

उत्तर (मिरज): नाही. तिथे तुलनेची गावं होती, पण गावांचं वाटप चिठ्ठीने झालेलं नव्हतं. अशा रचनेला ‘अर्धप्रायोगिक’ म्हणतात, तो शब्द चालेल. गावंच्या गावं सोडतीने वाटल्याचं जवळचं उदाहरण बार्शी-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागातलं आहे : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास, निष्कर्ष २००९. ५२ गावसमूह, एक लाख एकतीस हजारांवर स्त्रिया. त्यात एका गटाला नेहमीच्या सेवेपलीकडे तपासणी मिळाली नाही, आणि ते योग्य होतं का यावर पुढे कडक टीका झाली. म्हणूनच माहितीपत्रकातला शब्द धूसर असून चालत नाही. आपल्या वाट्याला काय येणार नाही, हे सही करणाऱ्या बाईला आधी कळलं पाहिजे.

प्रश्न (सांगली): आणि ‘हस्तक्षेप’?

उत्तर (मिरज): तो तर पूर्ण टाळा. मराठीत हस्तक्षेप म्हणजे नको तिथे हात घालणं, पोलिसांचा, पुढाऱ्यांचा. गोळी असेल तर ‘गोळी’ लिहा, आहार असेल तर ‘आहार’. एकत्रित शब्द हवाच असेल तर ‘नवा उपाय’. ‘चाचणी’ही जपून वापरा, कारण लोकांना ती रक्ता-लघवीची वाटते, ‘अभ्यास’ म्हणा. पालकांपुढे वाक्य असं ठेवता येईल :

‘या अभ्यासात शाळांचे दोन गट असतील. एका गटातल्या मुलांना नव्या गोळ्या मिळतील. दुसऱ्या गटातल्या मुलांना सध्या मिळते तीच सेवा मिळत राहील, नव्या गोळ्या मिळणार नाहीत. तुमच्या मुलाची शाळा कोणत्या गटात जाईल हे सोडतीने ठरेल; ते डॉक्टर, शिक्षक किंवा तुम्ही ठरवू शकणार नाही. तुम्ही नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत.’