अनुभव धागा: केअर होममधले कर्मचारी आणि आपण नातेवाईक

आई-वडिलांना केअर होममध्ये ठेवावं की नाही, यावर घरोघरी खूप बोललं जातं. ठेवल्यानंतरचं मात्र कुणी फारसं बोलत नाही. अंघोळ घालणाऱ्या मावशी, औषधं देणाऱ्या सिस्टर आणि भेटायला येणारे आपण, यांचं आपसात जमतं की नाही यावर आपल्या माणसाचा रोजचा दिवस अवलंबून असतो. कुठे अडलं, कशाने सुटलं ते नेमकं लिहा. संस्थांची नावं नकोत. तिथे काम करणाऱ्यांनी तर आवर्जून लिहावं, तुमची बाजू आमच्यापर्यंत पोचतच नाही.

लेक, वडिलांना स्मृतिभ्रंश
बाबांच्या नोंदीत रोज एकच शेरा: 'अंघोळीच्या वेळी मारायला धावतात.' औषध वाढवायचं घाटत होतं. मी आधी एक सकाळ तिथे थांबायची परवानगी मागितली. कानातलं यंत्र भिजू नये म्हणून ते खोलीतच काढून ठेवत, मग चाकाच्या खुर्चीवरून बाबांना न्हाणीघरात नेत आणि मागून कुणीतरी सांगे, 'आता पाणी घालते हं.' त्यांना काही ऐकूच जात नव्हतं. न सांगता डोक्यावर पाणी पडलं तर कुणीही हात उगारेल. इन्चार्ज सिस्टरांनी माझ्यासमोरच पद्धत बदलली. यंत्र अगदी शेवटी काढायचं, बोलायचं ते समोर उभं राहून, पाणी आधी पायांवर, अंगावर टॉवेल राहू द्यायचा. वाढीव गोळी लागली नाही. टॉम किटवूड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात हेच मांडलं होतं: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वागणं निव्वळ मेंदूच्या बिघाडातून येत नाही, आजूबाजूची माणसं त्याच्याशी कशी वागतात त्यावरही ते ठरतं. आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलाय. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, काय म्हणून हाक मारलेली आवडते, कशाला घाबरतात. नव्या मावशी आल्या की आधी तो वाचतात.

काळजीवाहक, रात्रपाळी
आमची बाजू विचारलीत म्हणून लिहिते. बहुतेक नातेवाईक संध्याकाळी येतात, नेमकी तेव्हा आमची पाळी बदलत असते. दुपारी काय झालं ते मला माहीत नसतं आणि बोलणी मला बसतात. एका आजींची मुलगी आली की चिडायची, 'आईला भिंतीकडे तोंड करून टाकलंय,' आणि आजींना उताणं करून जायची. आजींच्या माकडहाडापाशी कातडी लाल झाली होती, बोटाने दाबली तरी पांढरी पडत नव्हती. म्हणजे जखम सुरू होत होती. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता लावला होता. उताणं झोपवलं की सगळा भार तिथेच. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने सांगितलं असेल. मी तक्ता दाखवला. पाठीला उशी देऊन थोडंसंच कलतं कसं ठेवायचं, टाच गादीवर टेकू द्यायची नाही, तेही दाखवलं. आता ती आलेली असते तेव्हा कूस तीच बदलते आणि तक्त्यावर वेळ लिहिते. पलंगही भिंतीपासून लांब केला. आणि एक, आमची नावं विचारत जा हो.

धाकटा भाऊ, दूर राहतो
आम्ही भावंडं वेगवेगळे फोन करायचो. एक म्हणे चालवा, दुसरा म्हणे पडेल, बसवूनच ठेवा. आता फोन फक्त ताई करते, ठरलेल्या वारी, आणि आम्हाला कळवते. तिथल्या लोकांचा सूर लगेच बदलला.

नर्सिंग इन्चार्ज
'आज आई वेगळीच वाटते' या वाक्याकडे मी कुणालाही दुर्लक्ष करू देत नाही. वयस्कर माणसाला लघवीचा संसर्ग झाला, न्यूमोनिया झाला किंवा शरीरातलं पाणी कमी झालं, तर ताप नसतानाही एक-दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो. कुणी असंबद्ध बोलतं, कुणी नुसतं गुंगीत पडून राहतं. गुंगी जास्त फसवी, शांत पडलेल्या माणसाकडे लक्षच जात नाही. हा फरक मूळ स्वभाव माहीत असलेल्या घरच्यांना आधी कळतो. आमच्याकडे ते वाक्य जसंच्या तसं पाळीच्या नोंदवहीत जातं आणि तपासणी होते.
वाद होतात ते पडण्यावरून. 'पलंगाला कठडे लावा, नाहीतर बांधून ठेवा' असं घरचे म्हणतात. त्यांची भीती खरी असते. पण भ्रमातला माणूस कठडा ओलांडू पाहतो आणि जास्त उंचीवरून पडतो. बांधून ठेवलं तर स्नायूंची ताकद जाते, जखमा होतात. आम्ही पलंग अगदी खाली घेतो, शेजारी गादी टाकतो, रात्री उठतात ते लघवीसाठी का ते बघतो. तरी पडण्याचा धोका पूर्ण जात नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. कुणी पडलं तर, लागलं नसलं तरी, घरी लगेच फोन जातो. नंतर कळलं की लपवल्यासारखं वाटतं, आणि एकदा तसं वाटलं की पुढे आमचं काहीच पटत नाही.

मी स्वतः इथे राहते
माझी मुलगी आणि सिस्टर पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून माझ्याबद्दल बोलायच्या. दोघी चांगल्या आहेत. मी म्हटलं, बसून बोला आणि मलाही विचारा. मला उशिरा झोपायची सवय आहे, ते त्या दिवशी मान्य झालं.

सून
आमच्याकडे सुटलं नाही, तेही लिहिते. सासूबाईंच्या संस्थेत कर्मचारी टिकतच नव्हते. प्रत्येक नव्या मावशींना पहिल्यापासून सांगायचं. व्यवस्थापक नम्रपणे ऐकून घेत, खाली काही पोचत नसे. इतर नातेवाइकांशी बोलल्यावर कळलं, सगळ्यांचं तेच. तिथेच एकत्र बसू द्या म्हटलं तर नकार मिळाला. अमेरिकेत 1987 च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने कुटुंबांना संस्थेतच इतर कुटुंबांना भेटायचा हक्क दिला आहे. असा हक्क सगळीकडे हवा. शेवटी आम्ही जागा बदलली. नव्या ठिकाणी नातेवाइकांचा गट सुरू करायला त्यांची हरकत नाही. कुणाकडे असा गट चालत असेल तर सांगा, कर्मचाऱ्यांना पहिल्यापासूनच बोलावता, की आधी फक्त घरचे बसता?