वस्तरा हातावरचे केस काढतो पण गालावर ओढतो, धार नक्की तपासायची कशी?

खुंटदाढी:
मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारातून सोलिंगेनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी प्रसिद्ध शहर) वस्तरा घेतला, ब्लेड टाकायचा नाही, खराखुरा जुना पात्याचा. गंज काढला, मग 1000, 4000, 8000 अशा पाण्याच्या दगडांवर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) पाजवला आणि चामड्याच्या पट्ट्यावर मारला. हातावरचे केस झटकन जातात, पण केस लोंबता धरून धारेवर टेकवायची ती टेस्ट कधी पास तर कधी नापास, आणि गालावर तर सरळ ओढतो, हनुवटीला तर बघायलाच नको. आता 12000 चा दगड घ्यावा का? बराच महाग आहे म्हणून आधी विचारतोय.

लेथवाला:
12000 सध्या विसरा. हातावरचे केस तर 1000 वरूनच जायला लागतात, त्याने एवढंच कळतं की धार आहे, किती आहे ते नाही. माझ्या मते तुमचं बेव्हल (धारेलगतची घासलेली तिरकी पट्टी) 1000 वरच पूर्ण झालेलं नाहीये, म्हणजे दोन्ही बाजू अगदी धारेवर एकमेकींना भेटल्याच नाहीत, आणि तसं असेल तर पुढचे दगड नुसती पॉलिश करत बसतात. परमनंट मार्करने धारेलगतची पट्टी दोन्ही बाजूंनी काळी करा, 1000 वर हलक्या हाताने दोनचार हात मारा आणि भिंगाखाली बघा. जिथे शाई अगदी धारेपर्यंत गेली नाही तिथे दगड पोचतच नाहीये. भिंग 10x चं असलं तरी चालतं.

आणि दगड सपाट आहे का? पेन्सिलने चौकटी आखून काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासा, मध्ये रेघा उरल्या तर दगडाला खड्डा पडलाय. हे न बघताच लोक वस्तऱ्याला शिव्या घालतात.

धोपटीवाले:
आमच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा. आता सलूनमध्ये सगळीकडे अर्धं ब्लेड मोडून टाकायचा वस्तरा आलाय, गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे दगडावर पाजवणारे हात कमी झाले. आमचे वडील लोंबत्या केसाची टेस्ट कधीच करायचे नाहीत. अंगठ्याचं नख पाण्याने ओलं करून त्यावरून धार बुडापासून (मुठीकडून) टोकापर्यंत अलगद, नुसत्या पात्याच्या वजनावर ओढायची. लोण्यातून सुरी गेल्यासारखी एकसारखी चिकटत गेली तर ठीक, घसरली तर तिथे धार नाही, मध्येच खट्ट लागलं तर तिथे दात आहे. पण ही टेस्ट 1000 नंतरच करायची, शेवटच्या दगडानंतर नको, नखाने तयार धार खराब होते. आणि बोट धारेच्या लांबीला धरून कधीच फिरवायचं नाही बरं का, आडवंच.

दादा, दगडावर दाब देताय का तुम्ही? पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या पाहिजेत, कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, आपण हाताने ठरवायचा नाही. शेवटी शेवटी तर पात्याचं वजनही जास्त वाटावं.

चिकटपट्टी_पुणे:
केसाच्या टेस्टबद्दल: केस कोणाचा, जाड की बारीक, धुतलेला की तेलकट, मुळाकडून धरलाय की टोकाकडून, या सगळ्याने निकाल बदलतो. एकाच माणसाचा धुतलेला केस एकाच पद्धतीने वापरला तर आपल्यापुरती तुलना जमते, दुसऱ्याच्या व्हिडिओशी नाही. पाठीवर इलेक्ट्रिकल टेप लावला होता का? लावला असेल तर पहिल्या दगडापासून शेवटपर्यंत ठेवा, मध्येच काढला की कोन बदलतो. पट्टाही ताणून धरा, ढिला पडला की धार गोल होते. आणि पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे, उलटवताना पाठीवरूनच, नाहीतर पट्ट्याची चिरफाड!

खुंटदाढी:
टेप नव्हता लावला. मार्कर लगेच करून बघितला, बुडाकडे शाई साफ गेलीये, पण टोकाकडे बोटभर पट्टीत धारेला लागून काळी रेघ तशीच आहे, दोन्ही बाजूंनी. दगड मात्र सपाट निघाला.

लेथवाला:
सापडलं की मग. टोकाकडे 1000 वरच काम करा. हात तिरका घ्या, म्हणजे बुडापासून सुरू करून पातं पुढे ढकलता ढकलता दगडावरून बाजूला सरकवत टोकापर्यंत न्यायचं. जुन्या पात्यांची धार सरळ नसते बऱ्याचदा, मग अख्खं पातं एकदम टेकत नाही. रेघ गेली, नखाची टेस्ट टोकापर्यंत सारखी लागली, की मगच 4000.

धोपटीवाले:
आणि दाढी करून बघताना आधी गालावर, हनुवटी शेवटी. हनुवटीचे केस राठ असतात, गालावर जमलेली धार तिथे उघडी पडते.