अनुभव धागा: गणपतीत पेठांमधे जाताना गाडी कुठे लावता, परत कसे येता?

नारायणपेठी
काल लक्ष्मी रोडला मांडवाचे वासे उतरताना दिसले आणि वाड्याच्या दिंडीदरवाजात सायकल टेकवून अख्खे गणपती पायी बघायचे दिवस आठवले. आता वाडाही नाही आणि सायकल टेकवायला भिंतही नाही. यंदा (२०२६) १४ सप्टेंबरला चतुर्थी आणि २५ ला अनंत चतुर्दशी, म्हणून धागा आत्ताच काढतोय. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते टाका.

सुरुवात माझ्याकडून. पेठांमधे तीनच वाहनतळ लक्षात ठेवा. मंडईजवळचे दोन, म्हणजे बाबू गेनू आणि सतीश मिसाळ (जुने लोक अजून आर्यन आणि मिनर्व्हाच म्हणतात), आणि पत्र्या मारुतीजवळचा हमालवाडा. मंडईचे दोन्ही संध्याकाळी भरतात. त्याहून वाईट म्हणजे शिवाजी रोड बंद झाल्यावर तिथे पोचताच येत नाही. म्हणजे तळात जागा असेल, पण तळापर्यंत रस्ता नसेल. चारच्या आत गाडी आत गेली तर ठीक, नाहीतर नदीच्या अलीकडे लावा आणि चाला.

कोथरूडची_माई
चालाच. वनाज बाजूने येणाऱ्यांनी मेट्रोने जिल्हा न्यायालयला जाऊन गाडी बदलायच्या भानगडीत पडू नका. वरची गाडी पुलावर, खालची जमिनीत ३३ मीटर. सरकते जिने संपता संपत नाहीत आणि त्यात गर्दी. सरळ डेक्कन किंवा संभाजी उद्यानला उतरा, नदी ओलांडा, की नारायण/शनिवार पेठेत. खालची मेट्रो पिंपरी-चिंचवड आणि स्वारगेटवाल्यांसाठी.

घाईत_आहे
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. भूमिगत मेट्रो जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत सुरू झाली २९ सप्टेंबर २०२४ ला, गणपती उठल्यावर 😀 त्यामुळे तिचा पहिला गणेशोत्सव २०२५ चा. पिंपरीकडून येताना कसबा पेठेला उतरायचं आणि जाताना मंडईला चढायचं, उलटं नाही. कसबा स्थानकातून कसबा गणपती, लाल महाल, दगडूशेठ, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, मग मंडईचा शारदा गजानन आणि समोर स्थानक. मानाचे चार आणि वर दोन, एकदाही उलट्या प्रवाहात न शिरता. केसरीवाडा राहतो, तो डेक्कनकडून येणाऱ्यांनी आधी करावा.

तिकिटाचं सांगायचं राहिलं, शिट्टी झाली, येते

घाईत_आहे
हां. तिकीट व्हॉट्सअॅपवर घरूनच काढा. मंडईत माणसं इतकी असतात की रेंज दिसते पण काही लोड होत नाही. एक पुणे कार्ड असेल तर सगळ्यात बरं, आदल्या दिवशी पैसे भरून ठेवा. स्थानकात स्वच्छतागृह आहे. बायकांना या एका वाक्याची किंमत कळेल.

मी_फक्त_वाचतो
कुकरमधे काय होतं?

घाईत_आहे
वालाची उसळ. वाल भिजवून, मोड आणून, सोलून. पुढचा प्रश्न विचारू नका, सोलायला दीड तास जातो.

डब्बल_स्टँड
दुचाकीवाल्यांसाठी.

पी१ पी२ चा सापळा. रस्त्याच्या दोन बाजूंच्या पाट्या: पी१ म्हणजे विषम तारखेला लावायची बाजू, पी२ म्हणजे सम. गणपती बघायला लोक रात्री दहाला येतात, विषम तारखेला पी१ ला नीट लावतात. बारा वाजता तारीख बदलते. साडेबाराला परत येईपर्यंत तीच गाडी चुकीच्या बाजूला उभी असते. म्हणून रात्री येणाऱ्यांनी बाराच्या आत गाडी काढायची किंवा बाजू बदलायची. (३१ नंतर १ आली की दोन दिवस एकच बाजू, तो बोनस.)

शाळेच्या मैदानात पैसे देऊन लावत असाल तर हँडल लॉक करू नका. तिथली पोरं रात्री गाड्या सरकवून रांगा लावतात. लॉक असलेली गाडी हलत नाही, मग तिच्या चारी बाजूंनी गाड्या लागतात आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तुम्ही तिथेच. रस्त्यावर मात्र लॉक हवंच.

साइड स्टँड मातीत रुततो. सप्टेंबरात पाऊस असतोच. स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवायचा. एक गाडी कलंडली की आख्खी ओळ पत्त्यांसारखी पडते.

हेल्मेट आरशाला अडकवू नका. का ते विचारू नका.

नारायणपेठी
आरशालाही अडकवू नका आणि आत पावसाचं पाणी साचेल असं उलटंही ठेवू नका.

पाणीवाला_काका
नदीपात्राबद्दल कोणीच लिहिलं नाही. तिथे हजारो गाड्या लागतात आणि लोकांना तो कायमचा वाहनतळ वाटतो. ते नदीचं पात्र आहे! खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की आधी नदीपात्रातला रस्ता जातो आणि भिडे पूल पाण्याखाली. इथे ऊन पडलेलं असेल तरी, कारण पाऊस वरच्या धरणांवर पडत असतो. त्यामुळे पुण्यातलं आभाळ बघून गाडी लावू नका, विसर्गाची बातमी बघून लावा. घाटाकडची सगळ्यात खालची ओळ घेऊ नका, चढाच्या तोंडाशी लावा. पोलिस भोंग्यावरून गाड्या काढायला सांगतात तेव्हा तुम्ही ताशांच्या शेजारी असता, काही ऐकू येत नाही.

चिंचपोकळीकर
पुणेकरांनो, तुमच्याकडे निदान नदी आहे. लालबागात गाडी आणायचा विचारच सोडा. परळहून उड्डाणपुलावर चढलात की राजा खाली राहतो आणि तुम्ही थेट राणीच्या बागेत 😂 करी रोड आणि चिंचपोकळीला फक्त धीम्या गाड्या थांबतात. कल्याणहून जलद गाडीत बसलात तर दादरला बदला, नाहीतर भायखळा. पश्चिम रेल्वेवाल्यांनी लोअर परळला उतरून करी रोडच्या पुलावरून चालत यावं.

कोथरूडची_माई
धागा पुण्याचा आहे हो दादा.

चिंचपोकळीकर
माहीत आहे ताई, म्हणूनच शेवटी लिहिलं. पाट्या लावू नका.

बेलबाग_चौक
विसर्जनाच्या दिवसाचं गणित वेगळं. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर असे चारही रस्ते अलका चौकाकडे वाहतात. मधल्या पेठा म्हणजे बेटं होतात. सदाशिवातून शनिवारात जायला एरवी दहा मिनिटं, त्या दिवशी तीन मिरवणुका ओलांडायच्या. ओलांडायची जागा म्हणजे एका मंडळाचा ट्रक पुढे गेल्यावर आणि मागच्या पथकाची दोरी यायच्या आधीची मोकळी पट्टी. दोरीच्या आत शिरू नका, टिपरू (ढोल वाजवायची काठी) लागतं. ढोलाच्या समोरून तर नाहीच, वादकाला खालचं दिसत नाही.

चारचाकीने शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर पेठा विसरा. नळ स्टॉप, म्हात्रे पूल, दांडेकर पूल, मित्रमंडळ चौक, मग सेव्हन लव्हज, असा बाहेरून वळसा.

२०२५ ला मेट्रो ६ सप्टेंबरच्या सकाळी सहापासून सलग ४१ तास चालू होती. यंदाचं वेळापत्रक जाहीर होईल ते बघा. चालू आहे म्हणून आत जाता येतंच असं नाही, फलाट भरला की पोलिस जिन्याच्या तोंडाशीच थांबवतात. मंडईला अडकलात तर स्वारगेटपर्यंत चालत जा.

ऋषिपंचमी
अथर्वशीर्षाला येणाऱ्या बायकांसाठी: पठण पहाटे दगडूशेठसमोर, पहिली मेट्रो सहाची. म्हणजे उपयोग नाही. चौघींनी मिळून गाडी करा, ड्रायव्हरला पुलाच्या पलीकडे थांबवा. साडीवर पायात पट्ट्याच्या चपला घाला, अंगठ्याची चप्पल गर्दीत निघते आणि वाकायला जागा नसते.

डब्बल_स्टँड
ओला-उबरवाल्यांनी पण हेच करा. पिन बुधवार चौकात टाकली तर ड्रायव्हर होकार देतो आणि दहा मिनिटांनी रद्द करतो. गरवारे कॉलेजपर्यंत चालत जा, तिथली पिन टाका.

मी_फक्त_वाचतो
गाडी उचलून नेली तर?

बेलबाग_चौक
आधी खाली बघा, जिथून उचलली तिथे कधीकधी खडूने लिहिलेलं असतं. नसेल तर जवळच्या वाहतूक पोलिसाला विचारा, त्या भागाचा वाहतूक विभाग कुठला ते तो सांगतो. दंड पहिल्यांदा ५००, टोइंगचे पैसे वेगळे. कागदपत्रं डिजिलॉकरमधे असू द्या आणि मोबाइलची बॅटरी रीलमधे संपवू नका. जाताना गाडीची काच, आरसे, बंपर बघून मगच सही.

पेठेतलीच
आणि आमच्या वाड्याच्या दारात लावू नका प्लीज. "दोन मिनिटांत आलो" म्हणणारा माणूस दगडूशेठच्या रांगेत असतो. दहा दिवस आमची स्वतःची कार आम्ही भावाकडे बिबवेवाडीला ठेवतो.

नारायणपेठी
पाटी लावली का?

पेठेतलीच
तीन आहेत. तिसरी पहिल्या दोन वाचा म्हणून.

घाईत_आहे
उसळ झाली. गूळ जास्त पडलाय.