वाचनालयातल्या स्टाफने नेमकं काय काय शिकायचं? (ब वर्ग, गुहागर तालुका)

भरतीओहोटी:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका ब वर्ग (सरकारी अनुदानासाठी ठरलेला दर्जा) वाचनालयात ग्रंथपाल आहे. स्टाफ म्हणजे मी, एक लिपिक काका आणि अर्धवेळ शिपाई, बस. आता कार्यकारिणीत मुंबईहून रिटायर होऊन गावी आलेले एक सभासद आलेत, माणूस चांगला, देणगी पण देतात, पण दर मीटिंगला नवीन काहीतरी. आधी आरएफआयडी (पुस्तकात रेडिओ चिप), मग क्यूआर कोड, मग मोबाइल अॅप, आणि आता "मॅडम तुम्ही एआय शिकून घ्या". मला शिकायला आवडतं हो, पण सकाळ-संध्याकाळ देवघेव, मधे अनुदानाचे कागद, त्यातून कधी शिकायचं आणि काय? माझा ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स झालाय, त्यात ड्युई (विषयवार वर्गीकरण), दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद), तालिका (पुस्तकांची सूची) सगळं नीट झालं, पण कॉम्प्युटर म्हणाल तर तोंडओळख. काका तर माऊसला हात लावत नाहीत. मागे एका मुलाने निम्म्या पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करून दिलेली, ती आता दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसतात. सुरुवात कुठून करू?

माडाखालचा:
रत्नागिरीत कॉलेज लायब्ररीत आहे, थोडं सविस्तर लिहितो. आरएफआयडी डोक्यातून काढून टाका. प्रत्येक पुस्तकाला टॅग, वाचायला रीडर, दारात गेट, हा खर्च जिथे दिवसभर रांग लागते तिथे परवडतो. तुमच्याकडे साधा बारकोड आणि स्कॅनर पुरे, आणि तोही यादी तयार झाल्यावरच.

तुमचा खरा आजार त्या एक्सेलमध्ये आहे. ती यादी श्रीलिपी नाहीतर आयएसएम या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असणार. त्यात मराठी अक्षरं मुळात साठवलेलीच नसतात, इंग्रजीच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं, फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत) बदलणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात, मात्र कुठला फॉन्ट होता ते आधी शोधा, त्या मुलालाच फोन करा. बदलून झालं की जोडाक्षरं आणि रफार डोळ्याने तपासायचे, "दऱ्या"चं "दर्या" झालेलं असतं आणि मशीनला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुसरं, लेखकांची नावं. एकाच माणसाचं नाव कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं आधी, कुठे टिंबानंतर जागा सोडलेली, कुठे नाही. सॉफ्टवेअरला ते चार वेगळे लेखक वाटतात. एक पद्धत ठरवा, कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा, नाहीतर तुम्ही एक लिहाल आणि पुढचा दुसरं.

हे झाल्याशिवाय सॉफ्टवेअर बघू पण नका. नंतर ई-ग्रंथालय हे लायब्ररी सॉफ्टवेअर आहे, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं, ब्राउझरमध्ये चालतं. ते सरकारी ग्रंथालयांसाठी आहे, तुमच्यासारख्या अनुदानित वाचनालयाला कसं मिळेल ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारा. नाहीतर कोहा, न्यूझीलंडच्या एका छोट्या भागातल्या लायब्ररीने 1999 मध्ये बनवून घेतलं, जुनी सिस्टीम 2000 साल ओलांडणार नाही म्हणून. फुकट आहे, मराठी व्यवस्थित चालतं, पण लिनक्स जाणणारा कोणीतरी हाताशी हवा. कुठलंही घ्या, आपला डेटा मार्क 21 मध्ये (पुस्तकांच्या नोंदींचा सगळीकडे चालणारा साचा) बाहेर काढता येतो का हे पहिल्या दिवशी विचारा. लोकल विक्रेता "ते नंतर बघू" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

देवगडचो_झील:
वरच्यांनी सांगितला ता सगळा बरोबर आसा, पण लाइटीचा काय? आमच्याकडे पावसात लाइट गेली की कधी येतली ता देवाक म्हायत. म्हणान दाखल नोंदवही बंद करू नकात हां. आणि बॅकअप त्याच कपाटात ठेवू नकात. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरला तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पण शिरला होता. यादीची एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्ह अध्यक्षांच्या घरी, तो पण माडीवर.

अबोली_सावंतवाडी:
एआयबद्दल मी बोलते कारण माझ्याकडे पण हाच प्रश्न आला होता. पत्र लिहून दे, कार्यक्रमाचा मजकूर कर, एक्सेलचा फॉर्म्युला सांग, याला मस्त आहे, घाबरू नका. पण मराठी पुस्तकांची यादी मागू नका. कोकणावरची पुस्तकं विचारलीत तर न छापलेली पुस्तकं पण प्रकाशकासकट सांगेल, इतक्या ठामपणे की आपल्यालाच वाटतं आपण वाचलं नाही वाटतं. वाचक असली यादी मोबाइलवर घेऊन काउंटरला येतात, त्यामुळे ते कुठे थापा मारतं हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे, माझ्या मते ग्रंथपालाने एआय शिकायचं ते यासाठी.

आणि जुनी पुस्तकं असतील तर स्कॅनिंग शिका, पावसाळ्यातला दमट वास आणि कसर कोणासाठी थांबत नाही. कायद्याचं बघाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. मात्र आपल्याकडे छापील प्रत असेल तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू शकतं, 2012 च्या दुरुस्तीत आलंय ते. ठेवायची, व्हॉट्सअॅपवर वाटायची नाही!! आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी पण एकदा बघा, फुकट आहे, अभ्यासिकेतल्या मुलांना दाखवण्यासारखी.

भरतीओहोटी:
खूप आभार सगळ्यांचे. फॉन्टचं कळलं, आज त्या मुलाला फोन लावते. पण काकांचं काय करू? ते निवृत्त होईपर्यंत मी एकटीच ही यादी टाइप करत बसले तर शिमगा उजाडेल, आणि त्यांना एमएस-सीआयटीला पाठवा म्हटलं तर ते राजीनामाच देतील.

माडाखालचा:
काकांना कोर्सला पाठवू नका. त्यांच्या हातात फोन आहे ना? जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून द्या, ते पुस्तक हातात घेऊन नाव बोलतील, गुगल शीटमध्ये उतरेल, तुम्ही तपासा. कुठलं पुस्तक हरवलंय, कुठल्याची बांधणी बदलून क्रमांक चुकलाय हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार, ती माहिती ते जायच्या आधी रकान्यात आली पाहिजे.

अबोली_सावंतवाडी:
+1. आणि वेळेचं म्हणाल तर कार्यकारिणीकडून लेखी ठराव करून घ्या, आठवड्यातून एक सकाळ देवघेव बंद, स्टाफचं प्रशिक्षण. आमच्याकडे केलंय. दारावर बोर्ड लावला, पहिले काही दिवस पेपर वाचायला येणारे आजोबा लोक कुरकुरले, मग त्यातलेच एक बँकेतून रिटायर झालेले आत येऊन एक्सेल शिकवायला लागले. तुमच्या त्या मुंबईच्या सभासदांना पण हेच काम द्या, पुढच्या मीटिंगला नवीन काही सुचवण्याआधी शंभर नोंदी करून दाखवा म्हणावं 😀